उतारावरची डाळिंबं

"झाडं कधीची?" जमीन खात्याच्या गेर्शोननं विचारलं.

"बारा वर्षांची," यिस्का म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

तसं म्हटलं तर हे अर्धंच खोटं. झाडं बारा वर्षांची होतीच. फक्त त्यातली दहा वर्षं ती दुसरीकडे वाढली होती. दोन वर्षांपूर्वी यिस्कानं आणि तिच्या नवऱ्यानं, एल्कानानं, ती मुळांसकट काढून ट्रकनं आणली आणि या उतारावर लावली. बुंधा बघून कोणाच्या बापाला कळणार नव्हतं.

टेकडीवर ज्यूंची नऊ घरं. सरकारी कागदावर एकही नाही. उतार आपला आहे, असा खालच्या अरब गावातल्या म्हाताऱ्या मित्कालचा दावा होता. कायदा तुर्कांच्या वेळचा: दहा वर्षं जमीन कसली की ती कसणाऱ्याची. आज बारा वर्षं ठरली की वस्ती पक्की, नाहीतर बुलडोझर. यिस्काच्या दोन्ही लेकी इथंच जन्मल्या होत्या. ती हलणार नव्हती, आणि त्यासाठी वाटेल ते बोलायची तिची तयारी होती.

"काका, तुमच्याकडे काय पुरावा?" गेर्शोन मित्कालकडे वळला.

म्हातारा काठी टेकत झाडापाशी गेला. एक उललेलं डाळिंब तोडलं, फोडलं आणि अर्धं यिस्कापुढे धरलं.

"खा, पोरी. चारच दाणे खा. आत्ताच्या आत्ता दावा सोडतो."

गेर्शोनला हसू आलं. "खाऊन टाका हो बाई. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन."

यिस्कानं डाळिंब हातात घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. एल्काना बुटाच्या टोकानं माती उकरत होता. बारा वर्षं सांगायला त्यानंच शिकवलं होतं. तिनं एक दाणा ओठांपर्यंत नेला. हात तिथंच अडला. नऊ घरं आपल्या या हातावर आहेत हे तिला कळत होतं, आणि तरी तो पुढे जाईना. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"नाही खाणार," ती म्हणाली आणि डाळिंब खाली ठेवलं.

"का? किडकं आहे?"

"झाड नव्या मातीत लावलं की तीन वर्षं त्याचं फळ आम्ही तोंडात घालत नाही. देवाची आज्ञा आहे." ती थेट गेर्शोनच्या डोळ्यांत बघून बोलली. "हे तिसरं चालू आहे."

गेर्शोननं कागदावरचे बारा खोडले. मग म्हणाला, "आता तुमचा कागद दाखवा, काका."

"कागद कुठला, साहेब? तो आजोबांच्या वेळीच गेला," मित्काल म्हणाला. "पण तीस वर्षं ज्यूंच्याच बागांत राबलोय, ही आज्ञा मला पाठ आहे. माझी सगळी भिस्त या पोरीवर होती."