दीड वाजताचा खड्डा

आमच्या जबलपूरच्या कॉलेजातून परिषदेला एकालाच पाठवणार होते. माझा आणि मेघनाचा विषय एकच: चार-चार अँटेना लावूनही सिग्नल मधेच का पडतो, याचं हुबेहूब गणिती मॉडेल बनवायचं. मी सगळं कॉम्प्युटरवर केलं. तिनं लॅबमध्ये खरे अँटेना मांडले आणि रोज दिवसभर सिग्नल आपोआप मोजला जाईल अशी सोय केली.

माझा आलेख पाहून ती हसली होती. "काहून रे, इतका गुळगुळीत? खमरियाच्या खचाखच बसमध्ये बसून एकदा फोन लावून बघ, भैया."

सर कौतुक करायचे ते तिचंच. माझा नुसता जळफळाट व्हायचा. दीड वाजता ती डबा खायला गेली, की मी तिच्या टेबलाशी अँटेनांच्या पुढ्यात उभा राहून उघड्या वहीत चुका शोधायचो. महिनाभर शोधल्या. एकही सापडली नाही.

निवडीच्या दिवशी मेघनानं तिचा आलेख दाखवला. त्यात रोज दीड वाजता एक खोल खड्डा होता. पाच मिनिटं सिग्नल पडायचा, मग सावरायचा.

"माणूस समोर उभा राहिला की असं होते, सर. हे माझ्या मॉडेलमध्ये आहे, याच्या मॉडेलमध्ये नाही."

"अच्छा! पण रोज त्याच वेळी उभा राहणारा माणूस आणला कुठून?" सरांनी विचारलं.

 

मेघना माझ्याकडे बघून गोड हसली. "म्हणून तर वही उघडी टाकून जात होती, सर."