भावाची ख्यालीखुशाली

बलोचांत पाहुण्यानं आल्याबरोबर ख्यालीखुशाली सांगायची, आणि काही म्हणून लपवायचं नाही. अफगाण मुलखात हेलमंद नदीच्या धरणावर कामाला असलेला दोरमहंमद सरहद्द ओलांडून इराणात बहिणीच्या घरी आला, गव्हाचं पोतं उतरवलं आणि सांगू लागला. आई बरी आहे, उंटीण व्याली, धाकटीचं लग्न ठरलं. नदीचं नाव मात्र त्याच्या तोंडी येईना.

माहबीबीनं ओंजळीत गहू घेतला. "धरणाची दारं भावाच्या हाती, आणि बहिणीचं शेत कोरडं! पण बियाणं टपोरं आणलंस हो दादा, अल्लाह तुझं भलं करो. आता पाणी कधी सोडताय तेवढं सांग, म्हणजे पेरायला घेते."

दोरमहंमदनं मान खाली घातली.

"पेरू नकोस, बाई. दळून घे."