पुसण्याआधी

कंपनीच्या क्लाउड रजिस्ट्रीत, म्हणजे ऑनलाइन ठेवलेल्या नोंदींत, कोणी काय उघडायचं, काय पुसायचं, हे आता एआय एजंट बघणार होता. त्याच्यासाठी दीप्ती घरी बसून तो वापरणार त्या एकेका टूलची माहिती लिहीत होती. पुसायच्या टूलखाली तिनं अगदी फुरसतीनं लिहिलं, "पुसलेलं परत येत नाही. आधी माणसाला नीट समजावून सांग, मगच पुस."

"दीप्ती, फोन भरला म्हणते. हे डिलीट दाबू का वं?" आईनं तिसऱ्यांदा विचारलं.

"दाब ना आई, मले काम करू दे."

संध्याकाळी आई चहा घेऊन बसली. बाबा गेल्यापासून ती रोज फोनवर त्यांचा जुना व्हॉइस मेसेज ऐकायची, "इतवारी बाजारात आहो, काय आणू?"



"दीप्ती, तुह्या बाबाचा आवाज काहून येऊन नाही राहिला वं?"