आज वार कोणता?

"आज वार कोणता, आजी?" पडद्यावरच्या मुलीने विचारलं.

आईने वर छताकडे पाहिलं, जरा विचार केला. "गुरुवार असेल," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या तिच्या मुलाने कपाळाला हात लावला. सोमवार होता. अर्ध्या तासापूर्वी दार उघडताना याच आईने त्याला झापलं होतं, "सोमवारी सकाळीच दांडी? लोकांनी काय जिने चढत बसायचं?"

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आई एकटी राहायची, आणि याच घरात राहीन म्हणून हटून बसली होती. शेवटी त्याने वर्षभरापूर्वी ही सोय केली: जेवणाच्या टेबलावर एक पडदा, आणि त्यात रोज सकाळी उगवणारी एका सेवा संस्थेची मुलगी. चार प्रश्न विचारायचे, गोळ्यांची आठवण करून द्यायची, आजी ठीक आहेत ना ते बघायचं, एवढं तिचं काम. आई तिला 'चष्मेवाली' म्हणायची.

गेल्या आठवड्यात चष्मेवालीचा त्याला फोन आला. "दादा, आजी फार गोंधळतात हो. उत्तर चुकलं की त्यांचं चित्त थाऱ्यावर येईपर्यंत मी बोलत बसते, आमची तशी पद्धतच आहे. पण आता त्यांना एकटं ठेवणं काही बरं नाही." दोन दिवस धावपळ करून त्याने एका वृद्धनिवासात खोली ठरवली. आज आईला तिकडे न्यायचं होतं. तिच्या कपड्यांसाठी आणलेली बॅग गाडीत होती, पण तिच्याशी हा विषय काढायची छाती अजून झाली नव्हती.

त्याच्या डोक्यात हे प्रकरण शिरतच नव्हतं. तो रोज संध्याकाळी आईला फोन करायचा. जेवलीस का? हो. गोळी घेतली? हो. बरी आहेस ना? हो रे. एक उत्तर इकडचं तिकडे नाही. डॉक्टरांनाही काही सापडलं नव्हतं. अशा लिफ्ट त्याला माहीत होत्या. रहिवाशांना घेऊन मधेच अडकायच्या, आणि हा हत्यारांची पिशवी घेऊन गेला की शहाण्यासारख्या वरखाली करायच्या. बिघाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून आज तो दाराआड लपला होता. आता बिघाड समोर होता, तरी पत्ता लागत नव्हता.

"गॅस बंद केलात?" चष्मेवालीने विचारलं.

"केव्हाच." हे मात्र झटकन आलं.

"आणि भिंतीवरच्या फोटोत कोण आहेत?"

"आमचे साहेब. महाखडूस."

फोटो बाबांचा होता. चष्मेवाली खुर्चीत मागे टेकली. "आजी, नीट बघा बरं. साहेब की आजोबा?" आईला तेवढंच हवं होतं की काय कोण जाणे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने जन्म काढला होता. लोक परगावी बोलत असताना मधे शिरायचं, "वेळ संपली, फोन वाढवायचा का?" विचारायचं, आणि नाही म्हणाले की कापायचा. तिथल्या साहेबांचा तिने असा काही किस्सा रंगवला, की चष्मेवाली हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागली. आईही खळखळून हसत होती. ती अशी शेवटची कधी हसली होती, हे त्याला आठवेना.

"बरं आजी, झालं सगळं. चला, आता उद्या..."

"अगं, थांब थांब," आई घाईघाईने म्हणाली, "माझ्या लेकाला मुली दोन की तीन?"

त्याला एकच मुलगा होता. चष्मेवाली पुन्हा मागे टेकली.

बऱ्याच वेळाने पडदा काळा झाला, तेव्हा तो बाहेर आला. "आई, आज वार कोणता?"

"सोमवार."

"फोटोत कोण आहे?"

"तुझे वडील. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" आई कप विसळायला उठली. "आणि गाडीत ती एवढी मोठी बॅग कोणाची?"

रडावं की चिडावं, त्याला कळेना. "मग तिला गुरुवार का सांगितलंस?" तो ओरडलाच. "तुला काही आठवत नाही असं वाटतंय तिला! हे घर सुटायची वेळ आलीय तुझी!"

आईच्या हातातला कप तसाच राहिला. गोष्ट इथवर जाईल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"अरे, सगळं बरोबर सांगितलं की ती फोन ठेवते," ती हळूच म्हणाली. "जन्मभर लोकांचे फोन कापले मी. फोन कशाने वाढतो, ते मला कळणार नाही?"

"मग मला कधी चुकीचं सांगितलं नाहीस ते?"

"तू घाईत असतोस. आणि लगेच घाबरतोस."

रोजचे ते तीन 'हो' त्याच्या कानात वाजले. त्याला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वृद्धनिवासाच्या बाई होत्या, कधी पोचताय म्हणून विचारत होत्या. "नाही येत आम्ही," तो म्हणाला, "आई घरीच राहणार आहे." त्याने फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्ची ओढून आईसमोर बसला.

"आई, आज वार कोणता?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग वर छताकडे पाहिलं, जरा विचार केला.

"गुरुवार असेल," ती म्हणाली.