चौथा प्रश्न

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं डॉ. श्वेताने एका बैठकीत लिहून टाकली. चौथ्यापाशी मात्र ती अडली.

मानसोपचाराच्या एका जर्नलकडे तिने आपला पहिला शोधनिबंध पाठवला होता. मुरबाडहून दर बुधवारी एसटीने ती टोकावड्याजवळच्या आरोग्य केंद्रात जायची आणि नैराश्याचे रुग्ण तपासायची. असे रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतात, हा सगळीकडचा अनुभव. तिच्याकडे मात्र बासष्टपैकी सत्तावन्न जण वर्षभर नेमाने येत राहिले. याचं श्रेय तिने तपासणीच्या आदल्या दिवशी रुग्णांना जाणाऱ्या आठवणीच्या फोनला दिलं होतं. ती योजना तिची स्वतःची होती आणि तिला तिचा अभिमान होता.

जर्नलच्या परीक्षकाने तक्ता नीट वाचला होता. चौथ्या प्रश्नात त्याने लिहिलं होतं, ‘ज्यांच्याकडे फोनच नाही असे एकोणीस रुग्णही तितक्याच नियमितपणे आले आहेत. मग ते का येतात? आपण त्यांना विचारलंत का?’

तिने विचारलं नव्हतं. दोन दिवस ती त्या अनोळखी माणसावर धुसफुसत राहिली. पण उत्तराशिवाय निबंध छापला जाणार नव्हता, आणि प्रश्न रास्त होता हे तिलाही कळत होतं. तिसऱ्या दिवशी बुधवार उजाडला.

सुंदरा पहिली आत आली. नवरा गेल्यावर तिने अंथरूण धरलं होतं. आता ती पुन्हा शेतावर जायला लागली होती. तिच्याकडे फोन नव्हता.

“सुंदराताई, तुम्ही इतक्या लांबून एकही महिना न चुकवता येता. का येता?”

सुंदरा गालात हसली. “असंच. तुमी बऱ्या आहात ना?”

मग बारकू आला. वर्षापूर्वी याच खुर्चीत तो तासभर बसला होता आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता. त्यालाही तिने तेच विचारलं. बारकूने टोपी काढली, परत घातली आणि दाराकडे पाहिलं.

“मावशीला विचारा,” तो म्हणाला.

दाराशी धोंडाबाई रुग्णांना रांगेत बसवत होत्या. केंद्रातली झाडलोट, केसपेपर आणून देणं, पाणी भरणं, सगळं त्यांच्याकडेच. श्वेताने त्यांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“मावशी, खरं सांगा. या लोकांना तुम्ही काय सांगता?”

धोंडाबाई जराशा गडबडल्या. “रागावणार नाय ना?”

“नाही.”

“पैल्यांदा येतात ती तोंड लपवून येतात. गावात बोलतील ना, येड्यांच्या डाक्टरकडं जातो म्हणून. परत येतील कशाला? मग मी त्यांना फाटकाशी गाठते. बोलते, आपली डाक्टरीण लांबची हाय, तिला इकडं करमत नाय. पुढल्या टायमाला या आणि घडीभर बोला तिच्याशी.”

“आणि गोळ्या?”

“त्या घेतल्या नाय तर तिला वाईट वाटतं, असं बोलते.”

श्वेताने समोरचे केसपेपर चाळले. वर्षभर प्रत्येकाने तिला विचारलं होतं, जेवलात का, घरी फोन केलात का, झोप लागते का. केसपेपरवर तिने दर वेळी लिहिलं होतं, ‘रुग्ण मोकळेपणाने संवाद साधतो.’ एकाएकी तिला हसू फुटलं. बराच वेळ ते आवरेना. डोळे पुसताना तिने विचारलं, “म्हणजे तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत?”

“खोटं कशाला?” धोंडाबाई शांतपणे म्हणाल्या. “पैल्या महिन्यात तुमी त्या खिडकीशी उभ्या राहून रडत होता. मी लादी पुसत होते.”

श्वेताला ते आठवलं. त्याच दिवशी तिने बदलीचा अर्ज लिहिला होता. तो अजून खोलीवरच्या कपाटात पडून होता. द्यायचा कधी राहून गेला, ते तिला सांगता आलं नसतं. दर बुधवारी कुणी काकडी आणायचं, कुणी रानभाजी, कुणी नातवाला दाखवायला आणायचं, आणि संध्याकाळी मुरबाडच्या गाडीत ती दमलेली पण खुशीत असायची.

त्या आठवड्यात तिने निबंध पुन्हा लिहिला. फोनचा अख्खा परिच्छेद काढून टाकला. त्या जागी लिहिलं की इथला रुग्ण उपचार घ्यायला येत नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडायला येतो. कुणाच्या, तेही तिने न लाजता लिहिलं. लेखकांच्या यादीत दुसरं नाव धोंडाबाईंचं घातलं. हे वाचून परीक्षक हसेल, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं.

तीन महिन्यांनी निबंध छापून आला. सोबत संपादकांचं टिपण होतं. एका बुधवारी रांग संपल्यावर श्वेताने धोंडाबाईंना बाकावर बसवलं, छापलेलं नाव दाखवलं आणि टिपणाचा अर्थ मराठीत सांगितला. इथे जे घडलं ते इतर ठिकाणच्या मानसोपचार केंद्रांनीही आपापल्या डॉक्टरांच्या बाबतीत करून पाहावं, असं संपादकांनी सुचवलं होतं.

धोंडाबाईंनी नावावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

“म्हंजे तिकडच्या डाक्टरांना पण करमत नाय?” त्या म्हणाल्या. “मग त्यांच्याकडं कोण बघतं?”