बाराही चौकटींत एकच बाई

एकोणचाळिसावी फाईल मिटून सुषमाने कपाळावर हात मारला. तेच. परत तेच. "रंगसंगती आकर्षक असून वाचकाची नजर डावीकडून उजवीकडे सहज वाहते." अरे, कुणाची वाहते? एकाची तरी अडखळू द्या की!

काम काही डोंगराएवढं नव्हतं. संगीताच्या एका मासिकाचं अनुक्रमणिकेचं पान तिने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्याची मांडणी पाहायची आणि दोन पानं लिहायची. मथळा कुठे, फोटो किती, मोकळी जागा कशासाठी सोडली. हेच पान ती चार वर्षं शिकवत होती. डावीकडे उभा फोटो, म्हातारे सतारवादक, डोळे मिटलेले. उजवीकडे अकरा लेखांची नावं. त्या मिटलेल्या डोळ्यांवर कुणीतरी दोन ओळी लिहील, अशी तिला दरवर्षी आशा असायची.

यंदा त्यावर चकार शब्द नाही. पाहायचे कष्ट घेतो कोण? मोबाईलला विचारलं, मोबाईलने सांगितलं, यांनी उतरवलं. पण मुद्दे पुस्तकाप्रमाणे बरोबर होते, म्हणून मार्क द्यावेच लागत होते. नुसता जीव जळत होता तिचा.

चाळिसावी फाईल नूतनची होती.

नूतन उधन्याची, यंत्रमागांच्या वस्तीतली. सुषमाही तिथलीच, लूमच्या खडखडाटात अभ्यास करून वर आलेली. म्हणून या पोरीवर तिचा जरा जास्तच जीव. मागच्या सत्रात नूतन याच विषयात नापास झाली होती. दुसऱ्यांदा झाली की नाव कमी, असा कॉलेजचा नियम. मग आहेच घरी आईशेजारी बसून दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवणं.

आणि या बाईसाहेबांनी लिहिलं होतं : "या पानावर एकाही लेखाचं नाव नाही, नुसते नंबर आहेत. फोटो बारा. बाराही चौकटींत एकच बाई. ती कुठेच गात नाही, हातात वाद्य नाही. पान संगीताच्या मासिकाचं आहे हे वाचकाला कुठूनच कळत नाही. मांडणी साफ फसली आहे."

"बारा?" सुषमा एकदम ओरडली. स्टाफरूममध्ये समोर बसलेले विनायक सर दचकले. ते अक्षररचना शिकवायचे आणि सहसा कुणाच्या अध्यातमध्यात नसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नूतनला बोलावून घेतलं. दुसऱ्यांदा नापास व्हायची वेळ म्हणून ऑफिसने घरी फोन केला होता, त्यामुळे सोबत आई आली होती. मंगलाबाई दारातच चप्पल काढून उभ्या राहिल्या.

"हे काय लिहिलंयस?"

"जे दिसलं ते, मॅडम."

"तुला बारा बायका दिसल्या?"

"बाई एकच होती. बारा वेळा."

विनायक सरांना खुदकन हसू आलं. सुषमाचं डोकंच फिरलं.

"थट्टा लावलीयस माझी?"

"नाही मॅडम. मी तेव्हाच विचारलं होतं की—"

"विचारलं असतंस तर ही वेळ आली असती का? एकोणचाळीस जणांना बरोबर दिसतं आणि तुलाच तेवढं वेगळं!"

नूतन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकदा ते पान उघडून बघता का?"

"आता तू मला पान दाखवणार? चार वर्षं शिकवतेय मी ते. डोळे मिटून काढून दाखवीन."

मंगलाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "मनी पोर खोटं बोलस नही, ताई."

 सुषमाची आईही अशीच अहिराणीत 'मनी पोर', माझी पोर, म्हणायची. म्हणूनच की काय, तिने मुद्दाम शुद्ध, कोरडं उत्तर दिलं. "नियम सगळ्यांना सारखा असतो, बाई."

दोघी गेल्या. दुपारी ऑफिसातले गुजराती क्लार्क डोकावले. "बेन, आजे छेल्लो दिवस छे. पांच वागे पोर्टल बंध."

मार्क भरायचा शेवटचा दिवस, पाचला पोर्टल बंद; सुषमा कॉम्प्युटरसमोर बसली. पास व्हायला चाळीसपैकी सोळा लागत होते. द्यावेत का? आपल्यातली पोर, हुशार पोर. पण न बघता कायच्या काय लिहायचं आणि वर मॅडमलाच पान उघडायला सांगायचं, हा कुठला माज? आपली म्हणून सोडली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवायचं? तिने नऊ मार्क भरले आणि लॉकचं बटण दाबलं. आता कॉलेजातलं कुणीही ते उघडू शकत नव्हतं.

डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला रागच आला. हातची मुलगी गेली, आणि तीही स्वतःच्या कर्माने.

विनायक सर चहाचा कप घेऊन आले. "पण मॅडम, बारा का लिहिलं असेल हो तिने? पान बघू तरी."

"बघा ना, तुम्हीच बघा! म्हणजे मी खाष्ट आहे का ती आगाऊ आहे, ते कळेल." तिने फोनवर वर्गाचा ग्रुप उघडला आणि तीन आठवडे मागे गेली.

पान उघडलं. बारा चौकटी. बारा रंगांच्या साड्या, त्या नेसलेली एकच बाई आणि प्रत्येक साडीखाली एक नंबर. नणंदेने हळदीसाठी निवडायला पाठवलेला फोटो होता तो.

त्याच्याखाली एकोणचाळीस अंगठे होते. मग नूतनचा निरोप : "मॅडम, हे संगीताच्या मासिकाचं पान वाटत नाही. हेच करायचं का?"

आणि दोनच मिनिटांनी सुषमाचं स्वतःचं उत्तर : "हो, हेच. उगाच शंका काढत बसू नकोस."