बंद गल्ल्या

टक, टक, खर्रर्र.

घरात इतकी शांतता होती, की खिडकीच्या गजांवर घासलेल्या चमच्याचा आवाज थेट तिच्या कानात शिरला. कळफलकावरची बोटं थांबली.

"चिऊ, चमचा ठेव बरं. आईला काम करू दे."

"मी पण कामच करतेय," खिडकीच्या कट्ट्यावरून लेक म्हणाली. पुन्हा दोन ठोके, पुन्हा गजांवरून एक लांबलचक फराटा. मग खाली डोकावणं. खाली बघण्यासारखं काही नव्हतं. गल्ली पुढे भिंतीला टेकून संपायची, म्हणून वर्दळ नाही. अभ्यासाला बरी, म्हणूनच तर ही जागा घेतली होती.

काम म्हणजे थिसिस. लग्नापायी सुटलेलं कॉम्प्युटरचं शिक्षण तिने चिऊ जरा मोठी झाल्यावर पुन्हा हाती घेतलं होतं. शेवटचा प्रबंध घरोघर माल पोचवणाऱ्या एका कंपनीत बसून करायचा होता. कंपनीच्या पिवळ्या गाड्या रोज सकाळी माल भरून ताटकळत उभ्या असत. कोणी कुठल्या रस्त्याने जायचं, हे ठरवायला तिथला प्रोग्राम फार वेळ खायचा. तो वेळ निम्म्यावर आणला तर थिसिस पास. नाही तर कंपनी हात वर करणार आणि पदवी पुन्हा लटकणार.

"आणि लटकली ना," नवरा भांडी विसळत म्हणाला, "तर मी तुला नाही, तुझ्या बाबांना घाबरतो."

ती हसली नाही. बाबांनी जन्मभर गाडी चालवून तिला शिकवलं. घरी आले की जिना चढायचा त्यांना कंटाळा. खालूनच हॉर्न द्यायचे, दोन आखूड, एक लांब. आई म्हणायची, "जा, आली बघ स्वारी." शेवटच्या वर्षाला शिक्षण सोडून तिने लग्न केलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पदवी घेऊन ये, मग बोलू." आई होती तोवर इकडचं तिकडे कळायचं. ती गेली आणि तेही थांबलं. ते अजून गाडी चालवतात की घरी बसतात, हेसुद्धा तिला धड ठाऊक नव्हतं. विचारायला आधी ती जाणार नव्हती. बापाचीच लेक.

कंपनीने तिला दिलेला नकाशा म्हणजे नुसते ठिपके आणि रेघा. बाहेरच्या विद्यार्थिनीच्या हाती द्यायचा, म्हणून रस्त्यांची, माणसांची नावं पुसून आकडे घातलेले.

पुढे कुठेच न जाणाऱ्या रेघा आधी छाटायच्या, हा तिचा उपाय. जिथून पलीकडे जाताच येत नाही, तिथून जवळची वाट कशी निघणार? पण एक खोडा होता. गाड्या जिथे खरोखर जातात, ते रस्ते काढायचे नाहीत असा जुना नियम होता. आणि बावीस नंबरची गाडी रोज दुपारी अशाच एका बंद रेघेत शिरायची. माल उतरवायची नाही. थोडी थांबायची आणि मागे फिरायची. एवढ्यापायी तिचा सगळा हिशोब अडून बसला होता.

"सावली बघून डुलकी काढत असेल," कंपनीतल्या मॅनेजरबाई म्हणाल्या.

"मग काढू द्या ना. दिवसभर उन्हातान्हात फिरतो बिचारा."

"अगं बाई, तू थिसिस करतेयस की समाजसेवा? नियम बदल. जिथे माल उतरत नाही, तो रस्ता छाट. विषय संपला."

"पण त्याला कोणी बोलणार नाही ना?"

"बोलायचं कशाला? नेमलेली वाट सोडली की गाडीतलं यंत्र असं कोकलतं, की माणूस आपोआप सरळ होतो."

तिने ती बंद रेघ पुन्हा एकदा पडद्यावर आणली. दुपार होती. घरी शेजारच्या काकू चिऊला झोपवत असतील, म्हणजे चिऊच्या आधी स्वतःच घोरायला लागल्या असतील. आपलं पोर दुसऱ्याच्या भरवशावर टाकून इथे बसायचं ते कशासाठी? तिने ओठ घट्ट मिटले आणि बटण दाबलं.

प्रोग्राम सुसाट सुटला. सकाळी गाड्या भरल्या भरल्या निघू लागल्या. कधी न हसणारे गाईड सर फोनवर चक्क हसले. थिसिसच्या पहिल्या पानावर तिने 'बाबांना' एवढाच एक शब्द लिहिला. छापून आला की त्यांच्या दारात जाऊन उभी राहणार होती. आपणच जिना चढू, त्यात काय.

मॅनेजरबाईंनी खुशीने एक दिवस सुट्टी दिली. कितीतरी दिवसांनी ती दुपारची घरी होती. खुर्चीत काकूंची मान कलंडलेली. चिऊ मात्र टक्क जागी, खिडकीत, हातात चमचा.

"झोपायचं नाही का गं, बाई?"

"शूऽऽ! आजोबांची वेळ झाली."

"कुठले आजोबा?"

"पिवळ्या गाडीवाले. काकू झोपल्या की येतात. हळूच पीप, पीप, पीऽऽप करतात, मग मी चमच्याने करते. मग टाटा." चिऊने जीभ चावली. "तुला सांगायचं नव्हतं. तुझी मोठी परीक्षा झाली ना, की ते वर येणार आहेत."

टक, टक, खर्रर्र. चिऊने वाट पाहिली. भिंतीपर्यंत गल्ली रिकामी होती.

"पण आता येतच नाहीत." ती वळली आणि आईकडे बघू लागली. "आई, त्यांना आपल्या घराचा रस्ता सापडत नाही का गं?"